खापरीतला इस्तू

रंगूचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं, हे आदीच सांगून ठिवती. रडू मागनं येतं, पयला राग येतो. असली लबाड बाई मी जल्मात पाह्यली न्हाई. आन् लबाडी केली ती बी कशापायी? तर येवढं म्हनाया लागू ने म्हनून, की गोजरे, माझ्या घरात आज खायाला न्हाई. बास, येवढंच. येवढं तिच्या तोंडातनं निघालं असतं, तर आज ती माझ्यासंगं या वट्यावर बसून शेंगा फोडीत असती.

आमी दोघी एकाच सालात लगीन हुऊन या गावात आलो. घोडेगावच्या बाजाराला जानाऱ्या वाटंवर आमचं गाव, आन् गावाच्या कडंला आमची ही आळी. तिचं दार माझ्या दाराम्होरं. तिच्या पोटी काय आलं न्हाई, नवरा बी तरनाताठा गेला, पन बाईच्या तोंडावरचं हसू काय गेलं न्हाई. माझी पुष्पी माझ्या पोटची, पन वाढली निम्मी रंगूच्या मांडीवर. पोरीला भूक लागली की ती आदी रंगूच्या घरात शिरायची, मंग माझ्या.

मंग त्यो बहात्तरचा दुष्काळ पडला. हिरीच्या तळाला उतरून वाटीवाटीनं पानी भरायचं, त्ये बी गढूळ. भांडी राखंनं कोरडीच घासायची. माझे धनी बैलं घिऊन साखर कारखान्याकडं गेले, उसाच्या वाढ्यावर जनावरं तरी जगतील म्हनून. रेशनला ती तांबडी मिलो ज्वारी यायची. भाकर थापाया घेतली की कडंनी फाटायची, आन् खाल्ली की घशाखाली उतरायची न्हाई. पन ती बी मिळाली तर मिळाली. आळीतल्या बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडाया जायच्या. घासलेट न्हाई, काडीपेटी न्हाई, सांज झाली की समद्या घरात अंधार.

एक दिस रंगू माझ्या वट्यावर बसली आन् तिनं समद्या आळीला बोलावलं. म्हनली, "आजपासनं कुनी काडी वडायची न्हाई. गोजर इस्तू जपंल राखंखाली. सांजचं समद्यांनी खापरी घिऊन यायचं, तिच्या चुलीतला इस्तू न्यायचा. आन् येताना जिला जमंल तिनं मूठभर पीठ तिच्या गाडग्यात टाकायचं."

"पिठाचं काय करायचं?" झुंबरबाईनं इचारलं. झुंबरबाई म्हंजी आमच्या आळीची सुईन, तोंडानं फटकळ.

"जी बाई इस्तू न्याया येनार न्हाई, तिच्या घरी आज शिजवायला काय न्हाई आसं समजायचं. गोजरनं गाडग्यातलं पीठ तिच्या उंबऱ्याच्या आत ठिवून यायचं. तिनं मागायचं न्हाई, आपन इचारायचं न्हाई. दुसऱ्या दिशी त्येची वाच्यता बी करायची न्हाई."

"आन् येखादी आळशी मुद्दाम घरी बसून राह्यली तर?"

"तर खाऊ दे की मेलीला! आळशी मानसाला काय भूक लागत न्हाई व्हय?"

समद्या हासल्या. हुतं म्हनलं तर हसन्यासारखंच, पन त्या कायद्यानं आमची आळी तगली. खुद्द झुंबरबाई एक सांजची आली न्हाई, तर मी पदराखाली पीठ नेऊन तिच्या उंबऱ्यात ठिवलं. दुसऱ्या दिशी ती माझ्याकडं बघंना, मी तिच्याकडं बघंना. दोन दिसांनी तिनं आपनहून गाडग्यात मूठ टाकली, मला डोळा घातला आन् गेली. कुनाला हात पसरावा लागला न्हाई, कुनाची मान खाली गेली न्हाई. रंगूचं डोस्कं हुतं त्ये.

थंडीच्या दिसात पुष्पी बाळतपनाला आली. तिचं पयलं लेकरू राह्यलं न्हवतं. दूधच आलं न्हाई पोरीला, आन् लेकरू सुकून सुकून गेलं. दुसऱ्या खेपंला मुलगी झाली. एवढीशी, मुठीत मावंल आशी. आन् पुन्यांदा तीच गत, जीव तगंल येवढंच दूध. लेकरू छातीला लावलं की वडायचं, वडायचं, आन् मंग रडायचं. रडायला तरी कुठं जोर हुता, मांजराच्या पिलागत नुसतं कुईकुई. पुष्पी भिताडाकडं त्वांड करून पडायची. एकदा मला म्हनली, "आये, हे बी जायाचं गं."

झुंबरबाई म्हनली, "बाळंतिनीच्या पोटात रोज चार घास ज्यादा गेलं तर उतरंल दूध. औषिद-बिषिद काय न्हाई याला, भाकर हेच औषिद."

त्या सांजला समद्या आळीनं ठरिवलं, की गाडग्यातलं पीठ पुष्पीचं. फकस्त जिची चूल पेटनार न्हाई तिचा मान पयला, तिचं काढून मंग उरंल त्ये बाळंतिनीचं. रंगू तिथंच बसली हुती. लेकराचे पाय हातात धरून बसली हुती.

मी बाळंतिनीपायी घरीच राह्यले, थोरला पोरगा कामावर जायाचा. आळीतल्या बाया रस्त्यावर, आन् रंगू एकटी पलीकडं तलावाच्या कामावर. तिथं दुपारच्याला सरकारी सुकडी वाटायचे, भाजक्या पिठाची. गोड आसायची. रंगू तिच्या वाटनीची सुकडी पदरात बांधून आनायची आन् पुष्पीच्या तोंडात घालायची. "खा गं माझी बाय, मला गोड चालत न्हाई," म्हनायची. जलमभर गुळाचा खडा चोरून खानारी बाई, आन् म्हनं गोड चालत न्हाई!

मंग एकदा डोळा लाल करून आली. मी म्हनले, काय झालं? म्हनली, डोळं आल्यात. त्येच्या मागनं सुकडी यायाची बंद झाली. म्हनली, तलावावर आता वाटत न्हाईत. मी कशाला खोटं धरू? मूठ मात्र रोज टाकायची. रोज सांजला खापरी घिऊन दारात उभी. गाडग्यात मूठ टाकायची, आन् पयला सवाल त्योच, "आलं का गं दूध?"

"न्हाई अजून पुरतं."

"यील. इस्तू दे."

मी चिमट्यानं निखारा काढून खापरीत ठिवायची. ती वरनं राख घालायची, पदराचा आडोसा करायची आन् जपून न्यायची. जरा येळानं तिच्या छपरातनं धूर निघायचा. त्यो धूर बघितला की माझा जीव ठिकानावर. म्हनायची मी मनात, चला, रंगूची चूल पेटली.

कवा कवा मी इचारायची, "काय केलं गं आज?" तर तिचा रोज नवा थाट. "आज भरलं वांगं केलं." "आज पुरन घातलं." "आज कोंबडी कापली, रस्सा जरा पातळ झाला." दुष्काळात वांगं! मी पोट धरून हासायची. पुष्पी बी हासायची बाजंवर पडल्या पडल्या. आमाला वाटायचं, मेली चेष्टा करती. चेष्टाच करीत हुती, पन कुनाची त्ये कळलं न्हाई.

वाळत चालली हुती, न्हाई आसं न्हाई. पन तेवा कोन वाळत न्हवतं? समद्यांचीच गालफाडं बसली हुती. कुनाकुनाकडं बघायचं?

शिमगा झाला, ऊन तापाया लागलं, आन् एक दिस दुपारच्याला पुष्पीनं मला हाक मारली. "आये, बघ गं!" मी पळत आले. तर तिची चोळी वली. लेकराच्या गालावरनं दूध वघळत हुतं, त्येला गिळाया पुरंना, ठसका लागला. मी बाजंच्या खुराला धरून खालीच बसले. पुष्पी हासत हुती आन् रडत हुती. म्हनली, "मावशीला सांग आदी. रोज इचारती ती."

म्हनलं, यिऊ दे सांजला, सांगते भवानीला.

सांज झाली. एक एक बाई आली, मूठ टाकली, इस्तू नेला. समद्यांना सांगितलं दूध आलं म्हनून. झुंबरबाईनं लेकराची दिष्ट काढली. पन रंगू आली न्हाई. मी दाराकडं डोळं लावून. अंधारून यायला लागलं, तरी न्हाई.

खरं सांगू? मला आनंद झाला. मनात म्हनले, आली का अखेर वाटंवर! समद्यांना पीठ पोचवलं, आज एकदाची हिच्या उंबऱ्यात ठिवीन. पन गुपचूप ठिवनार न्हाई, चांगली वरडून ठिवीन, हिचा कायदा हिलाच मोडून दाखवीन. परातीत पीठ घेतलं, भरपूर घेतलं, आन् दारातनंच हाळी दिली, "रंगे! आगं ये रंगे! दूध आलं गं!"

म्होरं गेले, तर ती उंबऱ्यातच पडली हुती, अंधारात कुनाला दिसली बी न्हवती. अर्धी घरात, अर्धी भाईर. हातात खापरी. माझ्याकडंच यायला निघाली हुती, इस्तू न्यायला. म्हंजी त्या दिशी बी ती मला फसवायलाच निघाली हुती! मी परात खाली ठिवली, तिचं डोस्कं मांडीवर घेतलं, गालावर चापट्या मारल्या. "उठ की गं, दूध आलंय म्हनते न्हवं." अंग गार पडलं हुतं.

सकाळच्याला आंगूळ घालायची, तर पानी कुठलं? आळीतल्या परतेक घरानं आपल्या प्यायच्या पान्यातला तांब्या आनला. आमी बायांनी तिचं लुगडं सोडलं आन् झुंबरबाई त्वांड फिरवून उभी राह्यली. पोट पाठीला लागलेलं. फासळी न फासळी मोजून घ्यावी. हाताला खडीच्या हातोडीचा घट्टा असतो तिथं न्हाई, तर तळव्याच्या मधी फोड, फुटून पुन्यांदा आलेले. जात्याचा खुटा धरून येत्यात तसले.

तितक्यात पलीकडच्या गावच्या वान्याची बायको कलाबाई आली, रडतच. तिनं सांगितलं. रंगूचं डोळं-बिळं काय आलं न्हवतं, खडीची कपची डोळ्यात गेली हुती. नीट दिसंना म्हनून मुकादमानं तिला कवाच कामावरनं काढलं हुतं. तेवापासनं ती कलाबाईच्या घरी दळन दळायची. मोबदला म्हंजी मूठभर पीठ.

"मी म्हनायची, रंगुबाई, हितंच भाकर टाकून खाऊन जा," कलाबाई बोलली. "तर म्हनायची, माझी बाळंतीन वाट बघती घरी. मला वाटलं, हिची लेकच हाय."

मी उठले आन् तिच्या घरात शिरले. चुलीत राखंचा ढीग. रोजच्या इस्तवाची राख, काटक्यांची राख. आन् तवा भिताडाला उभा, गंज चढलेला, त्येच्या मागं कोळ्यानं जाळं केलेलं. एका गाडग्यात मिठाचं पानी. त्येच उकळून पीत आसनार. रोज चूल पेटवून, धूर करून, मला दिसावा म्हनून. धूर दिसला न्हाई तर गोजर पीठ आनील, आन् पुष्पीच्या पिठातलं कमी हुईल. येवढा हिशेब तिनं केला, आन् मी म्होरच्या दारात बसून धूर बघून सुखावत हुते. मी त्यो तवा उचलून भिताडावर हानला. बाया म्हनल्या, गोजर येडी झाली. झालेच हुते.

तिला पोचवून आले. मयताच्या घरी त्या दिशी चूल पेटत न्हाई, आळीतनं भाकरी येत्यात, घरच्यांनी त्यो कडू घास खायाचा. आमच्यात रीतच हाय ती. पन तिच्या घरी कोन हुतं खायाला? तरी परतेक बाई भाकर घिऊन आली. चवड लागली भाकरींची त्या चुलीम्होरं. त्या घरानं कदी बघितली न्हवती येवढी भाकर. मी बी केली हुती. आदल्या सांजला परातीत नेलेलं तेच पीठ मळलं, त्यात आदल्या आदल्या दिसांच्या तिच्या मुठी हुत्या.

समद्या बसल्या. पन घास कुनी घ्यायचा? आन् पुष्पी आली. बाळंतीन बाई मयताच्या घरात येत न्हाई, म्हाताऱ्या वरडल्या तिच्यावर, पन तिनं ऐकलं न्हाई. पदराखाली लेकरू घेतलं, चुलीम्होरं मांडी घालून बसली, माझी भाकर मोडली.

"मीच हाय तिच्या घरची," म्हनली. "माझ्या अंगावर हाय त्ये समदं तिचंच हाय."

ती घास चावत हुती. डोळ्यांतलं पानी भाकरीवर पडत हुतं, ती तशीच खात हुती. पदराखाली लेकरू चुरूचुरू पीत हुतं.

आता ती पोर चालाया लागली. दातानं भाकर तोडती, गुळासाठी हाटून बसती. पाऊस बी बरा झाला, घराघरात काडीपेटी आली, इस्तू न्यायला आता कुनी येत न्हाई. तरी सांज झाली की मी दाराकडं बघती. रंगू आली तर आदी तिच्या मुस्काडात एक ठिवून दीन, मंग जेवू घालीन, आन् तिनं इचारायच्या आदी सांगीन, आलं गं बाई दूध, आलं.