सुईच्या आधीचं दूध

मी एक स्टीलचा ग्लास. अकोल्याच्या जुन्या शहरात, एका अरुंद गल्लीत राहतो. अंगावर 'नगमा' असं नाव कोरलेलं आहे. नगमाच्या लग्नात तिच्या मामांनी आम्हा सहा ग्लासांचा संच दिला होता. बाकीचे पाच कुठे गेले कोण जाणे. मी टिकलो, कारण माझ्यात बरोबर पावशेर दूध मावतं.

नगमा आणि उस्मानची मुलगी अलीझा. वय नऊ, उंची जेमतेम पाच वर्षांच्या पोरीएवढी. जन्मापासूनच तिच्या हातापायांची हाडं कमी वाढतात. डॉक्टर त्याला अकॉन्ड्रोप्लेजिया म्हणतात, गल्ली नको ते म्हणते. दोन वर्षांपासून तिला रोज संध्याकाळी पाचला मांडीत सुई देतात. हाडं वाढवणारं ते औषध एका योजनेतून येतं. सुईच्या आधी काहीतरी खायचं आणि भरला ग्लास प्यायचा, नाहीतर रक्तदाब उतरून चक्कर येते. तो भरला ग्लास म्हणजे मी. सुईच्या आधी माझा मान, हे मी मांडणीवरच्या कपबश्यांना रोज ऐकवतो.

उस्मान अकोटच्या जिनिंगमध्ये फिटर. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला, जिनिंग वेळेआधीच बंद पडलं आणि सुई द्यायचं काम त्याच्याकडे आलं. हात जड, पण जीव हळवा. टोचून झालं की डोळे अलीझाऐवजी तोच पुसायचा.

रमजान आला. अलीझाच्या चुलतभावानं, अफनाननं, पहिला रोजा ठेवला. त्याला हार घातले, फोटो काढले. अलीझानं आपली बारी कधी म्हणून विचारलं, तर बायका तिचा गाल ओढून म्हणाल्या, अजून लहान आहेस. अफनान तिच्यापेक्षा वर्षानं लहान आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेचा डबा जसाच्या तसा मैत्रिणीला दिला. पाचच्या आधी बिस्किटं फ्रॉकच्या खिशात लपवली आणि मला घेऊन मोरीत गेली. सगळं दूध ओतलं, वरून पाणीही ओतलं. मी ओरडणार तरी कसा? उस्माननं रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं, शाबासकी दिली आणि सुई टोचली.

दहा मिनिटांत पोरीचे ओठ पांढरे पडले. ती भिंतीला धरत खाली बसली. उस्माननं तिला आडवं केलं, पायांखाली उशा घातल्या, डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आधी पाणी पाजा. नगमानं मला भरून तिच्या ओठांना लावलं. तिनं दात घट्ट आवळले. रोजा सोडायच्या मगरिबच्या अजानला दीड तास बाकी होता.

बीमाराला रोजा सोडायची सूट आहे, हे उस्माननं परोपरीनं समजावलं.

"मी बीमार नाई," ती पुटपुटली, "अन् लहान बी नाई."

नगमानं मला तिच्या ओठांपासून जरा दूर धरलं. तिचा आवाज शांत होता.

"लहान पोरगी रोजा सोडते अन् खेळाले जाते. मोठ्या मान्साले त्याची कजा, म्हंजे बदल्यातला रोजा, मांगून ठेवा लागते. तुह्यावर एक कजा आली, अलीझा. ईद झाल्यावर माह्यासंग ठेवजो. आता पेऊन घे."

अलीझानं मला दोन्ही हातांनी धरून शेवटच्या थेंबापर्यंत रिकामं केलं. तिच्या गालांवर रंग परतला तेव्हा उस्मान म्हणाला, "चूक माह्यी हाये, बेटा. मी ग्लास पाह्यला, तुले नाई पाह्यलं."

तेव्हापासून ती पीत असताना तो समोर बसून असतो.

ईदनंतर नगमाच्या पाळीत सुटलेल्या सहा कजा होत्या, अलीझाची एक. डॉक्टरीणबाईंना विचारून कजेच्या दिवशीची सुई रोजा सोडून, खाऊनपिऊन झाल्यावर ठरली. चक्कर वाटली तर लगेच प्यायचं, हे अलीझाकडून कबूल करून घेतलं. ना हार होता, ना फोटो. मगरिबला शेजारीण भजी घेऊन आली आणि सवयीनं नगमाला म्हणाली, तुमचा आज कजेचा रोजा ना?

"आमचा दोघीचा," नगमा म्हणाली.

अलीझानं मान वर केली नाही. पण ती मला किती घट्ट धरून होती, ते मला ठाऊक आहे.

आता माझा काठ चेपलाय, बुडाला पोचा आलाय. नवा ग्लास आणायचं घरात चाललंय. खुशाल आणा, मला मोडीत घाला. फक्त दुकानदारानं तिच्याकडे पाहून छोटा ग्लास पुढे केला, तर तेवढा घेऊ नका.