पिवळ्या पट्टीवरची स्कूटर

देवाने माणसाला दोन डोळे दिले. घाईला मात्र एकही दिला नाही. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका तरुणीने त्या सकाळी भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर सोडली ती अशीच. पार्किंगच्या पांढऱ्या चौकटी भरलेल्या आणि घड्याळ पुढे पळतंय. तिने स्कूटर चौकटीला खेटून फूटपाथवर उभी केली, नियमाप्रमाणे फोटो काढला, फोनने 'प्रवास संपला' म्हटलं आणि ती धावतच काउंटरमागे जाऊन उभी राहिली.

सव्वाअकराला फोनवर निरोप आला. चुकीच्या जागी लावल्याबद्दल पंधरा दिवस स्कूटर मिळणार नाही. खाली तिनेच काढलेला फोटो.

"आले मोठे शिस्तीचे," ती पुटपुटली. मग तिने फोटो मोठा केला. चाकांखाली उंचवट्यांची पिवळी पट्टी होती, दृष्टी नसलेल्यांना वाट कळावी म्हणून बसवलेली.

तिचे सासरे त्याच पट्टीवरून यायचे. डोळे गेल्यावर दोन वर्षं माणूस घराबाहेर पडला नव्हता. महिन्यापूर्वी कुठे पांढरी काठी हातात धरली, आणि आता रोज साडेअकराला सुनेचा डबा घेऊन एकटे यायचे. एकदा आपटले की पुन्हा उंबरा ओलांडणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने फोन लावला. नुसता वाजत राहिला. एका हातात काठी, दुसऱ्यात डबा. चालताना फोन घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम.

"पाच मिनिटांत आले," ती मालकांना म्हणाली.

"अहो बाई, माझा खोकला थांबेल का पाच मिनिटं?" रांगेतले एक आजोबा म्हणाले.

"गरम पाणी प्या तोवर," म्हणत ती पळालीसुद्धा. तोंडात देवाचं नाव होतं, पण धापेमुळे तेही अर्धंच बाहेर पडत होतं.

कोपऱ्यावर वळली तर सासरे स्कूटरपाशी उभे. गुडघ्यावर पँट फाटलेली, डबा छातीशी धरलेला. काठीने हँडल ठोकत ते हवेला सुनावत होते, "गाढवालासुद्धा खुंटीला बांधतात. हा कोण दिवटा, वाटेतच सोडून गेलाय?"

तिला गप्प राहता आलं असतं. त्यांना कुठे दिसणार होतं?

"बाबा, मीच."

काठी थांबली. "तू?"

"हो. उशीर झाला होता. खाली बघितलंच नाही."

त्यांनी काठी हँडलवरून खाली घेतली.

"आता पंचाईत झाली," ते म्हणाले. "पोटभर शिव्या घालून बसलोय. परत कशा घेऊ?"

"राहू द्या. माझ्याच आहेत."

एक चौकट आता रिकामी होती. दोघांनी मिळून स्कूटर तिच्यात सरकवली. मग तिने त्यांचा हात धरला. महिनाभर त्यांनी कुणाला हात धरू दिला नव्हता; आज सोडवून घेतला नाही, आणि त्याचीच तिला धास्ती वाटली.

"पुढे अशा अजून आहेत का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने पट्टीवर लांबपर्यंत नजर टाकली. खोटं बोलावंसं वाटलं.

"दोन आहेत."

"कुठे ते सांगू नकोस."

त्यांनी डबा तिच्याकडे दिला, हात सोडवून घेतला आणि काठी पुढे टाकली. ती मागोमाग निघाली, दोन पावलं अंतर ठेवून, आपलंच तोंड हाताने दाबून.