बंद केलेलं अपडेट

बाबा जाऊन दोन महिने झाले, आणि आत्याला त्यांचा मेल आला. "जुने फोटो सापडलेत, बघ." खाली लिंक.

"दादाचा नसणार, हे कळत होतं गं," आत्या डोळे पुसत म्हणाली, "तरी हात गेलाच."

मेल सगळ्या नातेवाइकांना गेला होता. मुलगी बाबांच्या खुर्चीत बसली आणि तिने कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरची आवृत्ती पाहिली. दीड वर्ष जुनी.

त्या आवृत्तीतली चूक तिला तोंडपाठ होती. ब्राउझर मेमरीतली एक जागा वापरून मोकळी करायचा, पण तिचा पत्ता सोडायचा नाही. तेवढ्यात कुणी तिथे आपला माल आणून ठेवला, तर तो आपलाच समजून चालवायचा. मग आतले पासवर्डही त्याच्या हाती. त्यासाठी काही दाबावं लागत नाही. तसं रचलेलं पान नुसतं उघडलं तरी पुरे. ही चूक तिच्याच टीमने दुरुस्त केली होती. दुरुस्ती कुठे कुठे पोचली, या टेबलापर्यंत तेवढी आली नाही.

इथलं अपडेट तिनेच बंद केलं होतं. दर अपडेटनंतर बटणं इकडची तिकडे व्हायची आणि ऐन मीटिंगमध्ये बाबांचा फोन यायचा, "अगं, माझं पान कुठे पळालं?"

"दिसेल ते दाबत जाऊ नकोस, सांगून थकले मी दादाला," आत्या म्हणाली. "ऐकेल तर शपथ! मुलगी ब्राउझर बनवते आणि बापाची ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार!"

"त्यांनीच दाबलं असेल काहीतरी," आई म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

ती मागोमाग गेली. "आई, अपडेट मी बंद केलंय, तुला माहीत होतं?"

"जुनं झालंय अशी लाल पाटी यायची. दोनदा फोन हातात घेतला त्यांनी, आणि ठेवून दिला. म्हणाले, कामात असेल पोर."

"मग माझं नाव का नाही घेतलंस?"

"गेलेल्या माणसाचं काय बिघडतंय? तुला चारचौघांत वावरायचंय."

ती बाहेर आली. आत्या अजून तो मेल उघडून बसली होती.

"आत्या, बाबांनी काही दाबलं नव्हतं. ते नुसते वाचत होते. अपडेट मी बंद केलं होतं."

आत्याने चष्मा काढला. "का गं?"

"त्यांचे फोन येऊ नयेत म्हणून."