सव्वासातची गाडी

गाडी शेळगावला थांबली तशी रत्नमालानं मोबाइलमध्ये वेळ बघितली. आठ वीस. दवाखान्यात ती आया होती, ड्युटी साडेआठला सुरू व्हायची, आणि शहर अजून बरंच लांब होतं.

"आज बी गेलं," शेजारी बसलेल्या भामाबाई म्हणाल्या. "मुकादम काल म्हणला, आता उशीर झाला तर दुसरी बाई बघतो."

"बोलत असत्यात तसं, मावशी."

"नाय गं. त्यानं बघून बी ठेवलीय."

भामाबाई एका कंपनीत झाडलोट करायच्या. संध्याकाळी परतीच्या गाडीत त्या दिसल्या नाहीत. दुपारीच त्यांना घरी पाठवलं होतं.

चिंचखेड्याहून ही पॅसेंजर आधी सव्वासातला निघायची आणि सव्वाआठला छत्रपती संभाजीनगरला पोचायची. उन्हाळ्यात वेळापत्रक बदललं आणि ती आठ पाचला सुटू लागली. वर शेळगावला वीस मिनिटं नुसती उभी. फाट्यावर जाऊन बस धरायची तर सहा किलोमीटर चालणं. गावातल्या आणि आसपासच्या चाळीस-पन्नास जणी या एका गाडीच्या भरवशावर शहरात कामाला होत्या. त्यातल्या अकरा जणी दोन महिन्यांत घरी बसल्या. भामाबाई बारावी.

त्या संध्याकाळी रत्नमाला घरी आली तेव्हा तिचे सासरे सोनाजी अंगणात बसून एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते.

"मामा, भामामावशीचं काम गेलं," ती म्हणाली. "सव्वासातच्या टायमाला म्हणं समोरून नवी एक्सप्रेस येती. तिच्यापायी आपली गाडी मागं ढकलली."

"कोणची? ती लाल डब्याची?" सोनाजींनी मान वर केली नाही. "ती रोज कुठं येती?"

"म्हंजी?"

"मंगळवारी अन् शुक्रवारी. बाकीचं दिस रूळ मोकळाच असतोय. शेळगावच्या अलीकडं मी मेंढरं घेऊन असतो की सकाळी. रुळावर जाऊ नयेत म्हणून कान तिकडंच असतोय माझा."

रत्नमाला तिथंच ओट्यावर बसली. हातातली पिशवीही तिनं खाली ठेवली नाही.

सोनाजींना वाचता येत नव्हतं. पण त्यांच्या साध्या मोबाइलवर कोणतं बटण दाबलं की सुनेला रिंग जाते, एवढं त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून ठरलं. लाल डबे समोरून गेले की त्यांनी रिंग द्यायची, हिनं उचलायची नाही. मोबाइलमध्ये जी वेळ उमटेल ती वहीत लिहायची. आपली गाडी कुठं किती थांबली, तेही लिहायचं.

आठ आठवडे तिनं लिहिलं. त्या काळात तिचे चार दिवसांचे खाडे धरले गेले, एकदा मेट्रनसमोर मान खाली घालून उभं राहावं लागलं. वहीबद्दल ती कुणाला काही बोलली नाही.

मग शहरात स्टेशनवर रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी प्रवाशांची बैठक बोलावली. प्रवाशांच्या वतीनं बद्रीनाथ बोलले. ते शहरात एका शाळेत कारकून होते आणि त्याच गाडीनं जायचे. त्यांनी चारशे सह्यांचं निवेदन दिलं.

"तुमची अडचण मला समजते," साहेब म्हणाले. "पण मार्ग एकेरी आहे. त्याच वेळेला समोरून एक्सप्रेस असते. एका रुळावर दोन गाड्या कशा घ्यायच्या, तुम्हीच सांगा."

बद्रीनाथ निवेदनाकडं बघत खाली बसले. मागच्या रांगेतून रत्नमाला उठली.

"साहेब, ती रोज येत नाय."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "पुढं ती रोज धावणार आहे, ताई. म्हणून वेळ रोजची राखून ठेवली आहे."

"पुढं धावंल तवा बघू. आज पाच दिस रूळ रिकामा हाय अन् बाया घरी बसल्यात."

"आणि मंगळवार-शुक्रवारचं काय?"

"शेळगावला दुसरा रूळ हाय. सव्वासातला निघालो तर आमी साडेसातला तिथं. तुमची गाडी सातचाळीसला जाती. दहा मिनिटं थांबू की. आता वीस थांबतोच."

ती पुढं गेली आणि वही टेबलावर ठेवली. साहेबांनी पानं उलटली. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं.

"या शुक्रवारी वेळ लिहिलेली नाही."

"त्या दिशी मेंढी व्यात होती, साहेब. मामांनी गाडी बघितली नाय. मग कसं लिहू?"

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी शेजारच्या सहायकाला संगणकावर नोंदी काढायला सांगितल्या आणि वही पुढ्यात धरून एकेक तारीख वाचायला लागले. सहायक वेळा सांगत होता. पाच-सहा तारखा झाल्यावर त्यांनी वही मिटली.

"दोन मिनिटांच्या वर फरक नाही," ते म्हणाले. "ही वही मला चार दिवस द्याल?"

"द्या माघारी, म्हंजी झालं."

वही माघारी आली, आणि दीड महिन्यानं फलाटावर नवा कागद चिकटला. चिंचखेडा, सात पंधरा. बद्रीनाथांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला, मग बायांनी पुन्हा वाचायला लावला.

पहिल्या दिवशी गाडी वेळेवर आली. कुणीतरी इंजिनाला हार घातला, कुणी पेढे वाटले. शेजारच्या साखळदांड गावच्या दोघी, ज्यांनी कामं सोडली होती, डबे घेऊन आल्या होत्या. बद्रीनाथांनी रत्नमालाला पुढं ओढलं, फोटो काढला. ती नीट हसलीसुद्धा नाही, पण पदर सारखा करून ताठ उभी राहिली.

डब्यात चढल्यावर तिला खिडकीशी भामाबाई दिसल्या. धुतलेलं पातळ, केसांना तेल.

"मावशी, काम लागलं व्हय?"

"अजून नाय. आज हिंडून बघते."

गाडी हलली. भामाबाईंनी कमरेची पिशवी उघडून घडी घातलेला कागद काढला. महिन्याचा पास होता, आजच्याच तारखेचा. तिकीट तपासनीस अजून डब्यात आलाही नव्हता. त्यांनी तो मांडीवर ठेवला, हातानं सपाट केला आणि शहर येईपर्यंत तसाच समोर धरून बसल्या.