किल्ला आज उघडा

सव्वीस जानेवारी, शुक्रवार. सकाळी नऊ वाजता नागपूरच्या महाल भागातून गाडी निघाली. अनिश चालवत होता. त्याचे वडील गिरिधर शेजारी बसले होते, मागे आई यमुताई आणि चारुलता.

चारुलता साताऱ्याची. ती आणि अनिश पुण्यात नोकरी करतात. लग्न जूनमध्ये आहे. अनिशला नागपुरात मिहान या औद्योगिक वसाहतीतली नोकरी मिळत होती आणि होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. तो म्हणाला होता, "चारू हो म्हणाली तरच." म्हणून तिला शहर दाखवायचं होतं. एकुलता मुलगा घरी परततो की नाही, हे गिरिधररावांच्या लेखी या एका दिवसावर होतं.

त्यांचा हुकमाचा पत्ता सीताबर्डीचा किल्ला. तो लष्कराच्या ताब्यात आहे, सामान्यांना वर्षातल्या मोजक्या दिवशीच आत सोडतात. त्यातला एक दिवस आज होता. "वरून अख्खं नागपूर दिसते बेटा," असं त्यांनी फोनवर सहा महिने सांगितलं होतं.

आधी तर्री-पोहे झाले, मग झिरो माइलच्या खांबाजवळचे घोड्यांचे चार पुतळे.

"हा देशाचा मध्य," गिरिधर म्हणाले.

"नक्की?" चारुलतेने विचारलं. "इथून मोजणी करायचे, एवढंच वाचलंय मी."

"वाचणं वेगळं अन् राहणं वेगळं."

तिथून किल्ल्याची रांग दिसत होती. लांब होती.

"आत्ताच उभं राहू ना, बाबा?" अनिशने विचारलं.

"उन्हात काहून उभं राहाचं? तवर दीक्षाभूमी पाहून येऊ. किल्ला काय पळून चालला?"

दीक्षाभूमीला चारुलता स्तूपात बराच वेळ शांत बसली. गिरिधरांना हे शुभ वाटलं. बाहेर पडताना मात्र धोंडबा भेटले. ते गिरिधरांचे ऑफिसातले जुने सहकारी, घर मागच्याच गल्लीत. ओळखीच्या माणसाच्या दारावरून न थांबता जाणं हा नागपुरात अपमान समजतात.

"गिरिधरभाऊ, सून घेऊन फिरून राहिले, अन् माह्या घरचा च्या चालत नाही?"

चहा झाला. तोवर तुळसाबाईंनी, म्हणजे धोंडबांच्या बायकोने, डाळ वाटायला घेतली होती.

"वडाभात खाल्ल्याबिगर पोरगी उठणार नाही," त्यांनी जाहीर केलं. "पुण्यात काय खातं वं तू? लईच वाळली."

चारुलता घड्याळाकडे बघत होती. तिने तीनदा वडाभात घेतला, हेही नोंदवायला हवं.

किल्ल्याशी परतले तेव्हा रांग नव्हती. गेटही बंद झालं होतं. पहारेकऱ्याने नुसती मान हलवली.

चौघं गेटसमोर उभे राहून वर बघत राहिले. शेवटी चारुलतेने विचारलं, "बाबा, वरून काय काय दिसतं, ते तरी सांगा."

गिरिधर टोपी नीट करू लागले.

"यायले काय माहीत?" यमुताई म्हणाल्या. "हे कधी आत गेलेच नाही!"

"बाबा!" हे अनिशलाही नवीन होतं.

"ऑफिसच्या खिडकीतून रोज दिसे ना गा!" गिरिधर चिडले. "रोज दिसणारी गोष्ट जाऊन काय पाहाची?"

चारुलता इतकी हसली की तिला फुटपाथच्या कडेला बसावं लागलं. ते हसू बरं की वाईट, यावर घरी दोन मतं आहेत.

दुसऱ्या दिवशी दोघं पुण्याला गेले. रविवारी संध्याकाळी गिरिधरांच्या मोबाइलवर चारुलतेचा मेसेज आला: "बाबा, एक मेला किल्ला उघडतो ना? गेट किती वाजता?"

गिरिधरांनी तो यमुताईंना वाचून दाखवला.

"पाहाले येऊन राहिली का राहाले येऊन राहिली, ते विचारा," त्या म्हणाल्या.

त्यांनी ते विचारलं नाही. लिहिलं, "सकाळी ये. ऊन लय असते. या वेळी नाश्ता नंतर."

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. सोमवारी, नोकरीचा होकार कळवायच्या शेवटच्या दिवशी, दुपारपर्यंत तिचं उत्तर आलेलं नव्हतं, आणि अनिश फोन उचलत नव्हता.