बावन्न मिनिटं

झाकणावर अंगठ्याचा ठसा उमटला. तिनं तो पुसला नाही. बिस्किटाएवढा चौकोन. वर राखाडी धातूचं झाकण, त्यावर बारीक अक्षरांत नाव आणि आकडे, खाली सोनेरी ठिपक्यांची दाट पेरणी... आणि एवढ्याशा वस्तूसाठी खोका असा, की आत एखादा मुकुट असावा! खोक्यात दुसरा खोका, त्यात स्पंज, स्पंजात खाच, आणि खाचेत हे महाराज. हा प्रोसेसर पाठवणारे भावजी नेमके या खोक्यावरच भाळले असणार.

भावजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, आणि ती घरी बसून ज्या आर्किटेक्ट ऑफिसचं काम करते त्याचे मालक. त्यांच्या टेबलाखालीही गेल्या महिन्यापासून हाच प्रोसेसर आहे. त्यावर ते ईमेल वाचतात आणि जेवणानंतर पत्ते लावतात. सोळा कोअर, म्हणजे एका डोक्यात सोळा डोकी, आणि ती सगळी हात बांधून बघतायत की साहेब बदामची राणी आता कुठे ठेवतात.

"अगं, अर्धं पान लिहून दे फक्त," सकाळी फोनवर म्हणाले. "फायदे आणि तोटे. भागीदाराला दाखवायला. तोटे दोन-तीनच घे, बारीकसे. एकही नसला तर संशय येतो."

"आणि मला नकोच असेल तर?"

"नको कसा असेल? माणूस चार वाजता येतोय बसवायला."

हे असं. आधी निकाल, मग पुरावा.

तरी ती लिहायला बसली, कारण लिहिणं तिला येतं आणि त्यांना येत नाही, आणि ही गोष्ट त्यांना कधीच टोचत नाही. न बांधलेल्या इमारतींची चित्रं करणं हा तिचा धंदा. भिंती, काचा, दुपारचं ऊन हे सगळं ती मांडून देते, मग मशीन एकेक ठिपका हिशोबानं रंगवत बसतं. त्याला रेंडर म्हणतात. तिच्या जुन्या प्रोसेसरला एका चित्राला बावन्न मिनिटं लागतात. याला अकरा लागतील. फायदा पहिला. एकाच वेळी चित्र रंगवता रंगवता दुसऱ्या इमारतीवर काम करता येईल. फायदा दुसरा. तोटे — जुना मदरबोर्ड चालणार नाही, मेमरीही नवी हवी, आणि गरम इतका होतो की थंड ठेवायला पाण्याच्या नळ्या लागतात. शिवाय दिवसभर ती जे खरं काम करते, भिंत इकडे सरकव, खिडकी तिकडे घे, त्याला एकच कोअर पुरतो. उरलेले पंधरा बसून. भावजींच्या ऑफिसातही एक जण नकाशा काढतो आणि पंधरा जण मागे उभे राहून सूचना करतात, तेव्हा भागीदाराला हे पटकन समजावं.

इंटरनेटवर लोकांनी काय लिहिलंय तेही तिनं चाळलं. बापरे, काय ते भक्त! एकमेकांना आकडे दाखवतात, माझा इतका, तुझा किती. एकानं लिहिलं होतं, 'आयुष्य बदललं.' खाली कुणीतरी साधंच विचारलं होतं, 'काय काम करता आपण?' त्याला उत्तर नव्हतं.

मग तिनं फायद्यांत लिहिलं, 'आवाज : जवळजवळ नाही' आणि हात थांबला.

कारण आत्ताचं मशीन रेंडरला बसलं की खोलीत पिठाची गिरणी सुरू होते. आणि भिंतीपलीकडे अप्पा आहेत, तिचे वडील.

आठ महिने झाले. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डावा हात आहे, त्यानं भिंतीवर ठोकतात. चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. पट्टी न लावता रेघ ओढायचे आणि वर पट्टी ठेवून दाखवायचे, बघ. तिनं पहिल्यांदा मशीनवर केलेलं चित्र कौतुकानं पुढ्यात ठेवलं, तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले होते, "छान आहे. पण यात तू काय काढलंस?" बाकी काही नाही. रागावले असते तर परवडलं असतं. लोकांकडे वरून बघायचं हे मी कुणाकडून शिकले, ते काही शोधायला नको...

त्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. 'आ' म्हणा, 'पा' म्हणा. अप्पा मान भिंतीकडे फिरवतात. बाई गेल्यावर ती विचारते, "अप्पा, थोडा सराव केला तर काय बिघडेल?" ते तिच्याकडे बघतात — तसंच, चष्मा कपाळावर नसतानाही कपाळावर असल्यासारखं. मग तीही चिडते. मोठे आलेत. बोलायला येत नाही, पण तोरा बघा.

आणि मग बावन्न मिनिटं. त्या बावन्न मिनिटांत ठोकलेलं ऐकू येत नाही. "मशीन चालू होतं, अप्पा," असं नंतर सांगता येतं, आणि ते खोटं नसतं. निदान सुरुवातीला नव्हतं. हल्ली कुणी न मागितलेली चित्रंही ती रंगवायला लावते. तीच इमारत, तीच काच, फक्त आभाळातले ढग बदललेले. ढग बदलले म्हणजे पुन्हा बावन्न मिनिटं. मी भरवते, पुसते, कूस बदलते, औषधाची वेळ एकदाही चुकलेली नाही... दिवसातला एवढा एक आवाज मला माझा नको?

आता हे तोट्यांत कसं लिहायचं? भागीदार वाचेल. तिनं लिहिलं, 'जास्त उष्णता.' आणि पान पाठवून दिलं. भावजींचा अंगठा लगेच आला. वाचलंही नसेल.

कॉम्प्युटरवाला चारला आला. दीड तास जमिनीवर मांडी घालून बसला होता. जुनं काढलं, नवं बसवलं, नळ्या जोडल्या. मग बटण दाबून कान पुढे करून म्हणाला, "ताई, ऐकू येतंय?"

"काय?"

"तेच तर! काहीच नाही." शांतता स्वतः घरून करून आणल्यासारखा हसला, आणि पेचकस गोळा करून गेला.

तिनं एका दवाखान्याच्या दर्शनी भागाचं चित्र रंगवायला लावलं. पडद्यावर ठिपके भराभर भरू लागले. हं. म्हणजे हेच का ते आयुष्य बदलणं. तीन मिनिटांत काचा झाल्या. हसू आलं तिला, कडवटच.

तेवढ्यात आवाज आला. तिला वाटलं, वरच्या मजल्यावर कुणी रेडिओ लावलाय. पण आवाज भिंतीतून येत होता.

"झा... झालं... का..."

थांबला. घशात काहीतरी खरवडल्यासारखं. पुन्हा.

"झालं... का... का... म."

ती हललीच नाही. ठोकणं नव्हतं, हाकही नव्हती. हाक असती तर मोठी असती. हे कुणासाठीच नव्हतं. बारीक आवाजात, रेघ पुन्हा पुन्हा गिरवावी तसं, आणि चुकलं की मुळापासून. 'झालं का.' तिथपर्यंत नीट. मग 'काम'पाशी अडखळायचं. एकदा चिडून हात गादीवर आपटलेलाही ऐकू आला. मग परत — झा.

झालं का काम.

रेंडर संपवून ती आत जाते तेव्हा अप्पांचे ओठ हलतात. रोज हलतात. आणि ती दारातूनच विचारते, "काय हवंय? पाणी? कूस बदलायची?" — हात तोवर कामाला लागलेले असतात, उत्तराची वाट बघायला वेळ कुणाला आहे. मग ते मान फिरवतात. त्या मान फिरवण्याचे तिनं काय काय अर्थ लावले होते आठ महिने. तेही त्या गिरणीच्या आवाजाची वाट बघत असतील? कुणी ऐकणार नाही, म्हणून... आणि आज इकडे सगळं गप्प, म्हणजे त्या माणसाबरोबर मीही बाहेर गेले, असं वाटलं असेल.

नीट ऐकावं म्हणून ती जरा मागे रेलली. खुर्ची करकरली.

"झालं का का—"

आवाज तुटला.

पडद्यावरचं चित्र पूर्ण झालं होतं. तिनं त्याकडे पाहिलंही नाही. भिंतीपलीकडे काहीच नव्हतं, ठोकणं नाही, खोकला नाही; पण ते काहीच नसणं कान देऊन बसलेल्या माणसाचं होतं, हे तिला स्वच्छ कळत होतं. आणि इकडचंही तिकडे कळत असणार. तिला लाज वाटली. पकडलं गेल्याची नव्हे. एखाद्या दाराआडून माणसाला उघडं बघितल्याची. सवयीनं तिनं कुणावर तरी उखडायला पाहिलं — भावजींवर, त्या हसऱ्या कॉम्प्युटरवाल्यावर, अप्पांच्याच तोऱ्यावर — पण त्यातलं काहीच हाताला लागेना. 'हो, झालं' एवढंच म्हणायचं होतं. दोनच शब्द. तिनं ते मनात एकदा म्हणून पाहिले, मग ओठांनी, आवाज न करता, आणि दुसऱ्या शब्दापाशी अडखळली.