एका वायरीचं स्टिअरिंग

हिंदुरावांचा धंदा मिटवामिटवीचा होता. दोन भाऊ आणि एक प्लॉट, किंवा एक घरमालक आणि न हलणारा भाडेकरू, असली प्रकरणं कोर्टात गेली की नातवंडांच्या हाती लागतात. हिंदुरावांकडे आली की जेवणाआधी संपत. पद्धत साधी होती. दोन्ही बाजू ट्रकअड्ड्यावरच्या पत्र्याच्या ऑफिसात येऊन बसल्या, चहा आला, की हिंदुराव एक घोट घेत, "गार हाय" म्हणत आणि चहा आणणाऱ्या सिद्धप्पाच्या कानाखाली एक ठेवून देत. सिद्धप्पा ट्रेसकट पत्र्यावर जाऊन आदळे, तिथून फरशीवर येई आणि थोडा वेळ तिथंच राही. दोन्ही बाजू आधी फरशीकडे बघत, मग एकमेकांकडे सख्ख्या भावासारख्या बघू लागत. स्वतःच्या माणसाला जो असा मारतो तो परक्याला कसा मारेल, हे ज्याचं त्याने समजून घ्यायचं. याला अड्ड्यावर नमुना दाखवणं म्हणत.

अडचण दोन हिवाळ्यांपूर्वी सुरू झाली. उजव्या हाताची बोटं सकाळी वळेनात. जन्मभर दुसऱ्यांची हाडं सैल करण्यात गेलेल्या माणसाला आपल्यालाही हाडं आहेत हे नव्यानंच कळलं. शर्टाची बटणं त्यांच्या बायको बजाबाई लावू लागल्या. "माझ्या अंगावर कसा लागत हुता ओ हा हात," त्या गळ्याचं बटण लावता लावता म्हणाल्या, आणि ते जरा जास्तच घट्ट लावलं.

जुळे सोलापुरातल्या डॉक्टरांनी बोटं दाबून बघितली. "हात गरम ठेवायचा. काय काम करता?"

"समाजकार्य," हिंदुराव म्हणाले.

हात गरम ठेवायला अड्ड्यावर सोय होती. जानेवारीत पहाटेपासून तिथं शेकोटी असे आणि ड्रायव्हर, क्लीनर, हमाल सगळे तिच्यावर हात धरून बसत. पण शेकोटीवर हात धरणं हे मार खाणाऱ्यांचं काम, असं हिंदुरावांचं मत होतं. त्यांचा पुतण्या दिग्विजय रोज तिथून हाक मारी, "काका, या की शेकायला." हाक प्रेमाची होती. डोळे मात्र काकांच्या हातावर असत, आणि तिथून ऑफिसातल्या खुर्चीवर जात. खुर्ची एकच होती.

त्यातच नातेपुत्याचं प्रकरण आलं. दोन चुलतभाऊ, हायवेला लागलेली जमीन, आणि दोघंही आपापले पैलवान घेऊन येणार. इतरांचं ठीक होतं, पण पैलवानाला थपडेच्या आवाजावरून हात कळतो. त्या दिवशी नमुना खोटा निघाला, की हिंदुराव उरलेला जन्म दिग्विजयच्या शेजारी शेकोटीवर काढणार होते.

उपाय सापडला तो श्रीमंत नावाच्या बिल्डरच्या गाडीत. श्रीमंतच्या बिल्डिंगीतला एक भाडेकरू हिंदुरावांनी नुकताच हलवला होता. श्रीमंत खुशीत होता. पुण्याहून आणलेली टोलेजंग गाडी दाखवत तो म्हणाला, "बसा, हात तर लावून बघा. स्टिअरिंग गरम होतं याचं."

"सोलापुरात?"

"कंपनीनं दिलंय, आपण कशाला नको म्हणायचं?"

हिंदुराव बसले. स्टिअरिंगचं चाक हळूहळू तापलं. ऊब तळहातातून बोटांत गेली आणि करंगळीपासून एकेक बोट, झोपेतून उठल्यासारखं, वळायला लागलं. त्यांनी मूठ मिटली, उघडली, परत मिटली. मग शेजारच्या सीटवर बसलेल्या श्रीमंतच्या थोबाडात एक वाजवली. काचा बंद होत्या. आवाज फार सुंदर घुमला.

श्रीमंतच्या नाकातून रक्त आलं. "माझं काय चुकलं?"

"काय न्हाय. बगितलं."

मग त्यांनी आपली फी सांगितली. पैसे नकोत, हे चाक पाहिजे. श्रीमंतची गाडी त्या दिवशी क्रेनला लटकून घरी गेली.

हिंदुरावांची जीप जुनी होती. तिच्यात तापणारी वस्तू एकच, इंजिन. चाक बसवायचं काम त्यांनी चनबसप्पाला दिलं. तो दुधनीचा, शहरात गॅरेज टाकून वर्षही झालं नव्हतं. इथले रीतिरिवाज त्याला ठाऊक नव्हते.

"सावकार, उन्हाळ्यात जीपचं चाक असंच तापतंय की. धरवत न्हाय. ह्ये आनि कशाला?"

हिंदुरावांनी रिवाजाप्रमाणे त्याच्या कानाखाली एक ठेवली. चनबसप्पा जागचा हलला नाही. त्याने कान चाचपला.

"माशी होती काय?" त्याने विचारलं.

हिंदुरावांनी आपला तळहात उलटसुलट करून बघितला. गेल्या दोन हिवाळ्यांत त्यांच्या हाताखाली न पडलेला हा पहिला माणूस होता. "व्हय," ते शेवटी म्हणाले. "माशी हुती. काम कर."

चाकाच्या मधल्या भोकाचे दाते जीपच्या दांड्याला जुळेनात, ते लेथवर जुळवून आणले. अपघातात फुगणारी पिशवी चनबसप्पाने काढून टाकली, जीपला तिचं काही कळलं नसतं. खरी अडचण पुढं होती. नव्या गाडीत चाकाकडे वायरींचा झुबका जातो. जीपच्या दांड्यातून एकच वायर वर येत होती, ती हॉर्नची.

"एक वायर हाय, सावकार. चाक तापवू का हॉर्न वाजवू?"

प्रश्न लहान नव्हता. हिंदुरावांच्या जीपला ट्रकचा हॉर्न होता. तो कोपऱ्यावर वाजला की अड्ड्यावरचे लोक बिड्या विझवून उभे राहत, आणि चालू विषय बदलत. तीनदा वाजला की समोरच्या गोदामातले हमाल पोती टाकून हातात पोती ओढायचे लोखंडी आकडे घेऊन धावत येत. पण हॉर्न कोणालाही वाजवता येतो.

"चाक तापव."

"मग हॉर्नचं बटन खाली डाव्या गुडघ्यापाशी लावतो. ध्यानात ठेवा, मधी दाबलं तर वाजनार न्हाय. आनि उष्णता कमी-जास्त करायचा डबा त्या मोठ्या गाडीतच राहिला. हे नुसतं तापतच जातंय. लई वेळ धरू नका, चपाती होईल हाताची."

काम झालं. हिंदुरावांनी बटण चालू केलं, चाक धरलं, बोटं सुटेपर्यंत वाट बघितली आणि खाली उतरून चनबसप्पाला परत एक दिली. या वेळी तो टायरींच्या ढिगात गेला. वरची टायर घरंगळून त्याच्या अंगावर आली.

"चालतंय म्हनायचं," तो टायरीखालून म्हणाला.

नातेपुत्याची मंडळी यायच्या सकाळी हिंदुराव उजाडताच निघाले. चाक निघण्याआधीच चालू केलं होतं. विजापूर रोडवर एक रिक्षा रस्त्याच्या मधोमध चालली होती. त्यांनी सवयीने चाकाच्या मध्यावर हात मारला. काहीच वाजलं नाही. मग आठवलं, गुडघ्यापाशी. पण तिथं जायला हात ऊब सोडून निघायला हवा होता, आणि तो निघेना. हिंदुरावांनी बाजूने जीप काढली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाला तरी वाट दिली होती, रिक्षावाल्याला त्याची कल्पनाही नव्हती.

अड्ड्याच्या कोपऱ्यावरही हॉर्न वाजला नाही. त्यामुळे बिड्या विझल्या नाहीत आणि विषयही बदलला नाही. एक ट्रक इंजिन गरम करत उभा होता, त्याच्या घरघरीत जीपचा आवाज बुडाला. हिंदुराव त्या ट्रकच्या आडोशाला उतरले, तेव्हा शेकोटीपाशी सिद्धप्पा उभा होता आणि दिग्विजयला आणि त्याच्या हाताखालच्या पोरांना काहीतरी शिकवत होता. त्याने उजवा हात पुढे धरला होता, बोटं ताठ, एकमेकांना चिकटलेली.

"ह्यो मालकांचा हात. बगा. उलथनं हाय, उलथनं."

"आन् लागतो का?" दिग्विजयने विचारलं.

"कुटला लागतोय. वारा लागतो. वाऱ्यासंगं मान वळवायची, ट्रे पत्र्यावर टाकायचा. पत्रा वाजतोय. लोकं पत्र्यालाच भितात." सिद्धप्पाने मान वळवली, अंग सैल सोडलं आणि मातीत अलगद पडून दाखवलं. पोरं हसली.

"मग पडतोस कशाला रं?"

"सवय हाय," तो कपडे झटकत उठला. "आन् म्हातारं माणूस. आपण पडलो की त्याला दिवसभर बरं वाटतंय."

परत हसू झालं. त्या हसण्यात तिरस्कार असता तर हिंदुरावांनी तो ओळखला असता, जन्मभर तो त्यांच्या मागून चालत आला होता. पण यात माया होती. त्यांनी उजव्या हाताकडे बघितलं. मूठ वळली होती, पूर्ण, अंगठा बाहेरून.

ते सरळ शेकोटीपाशी गेले आणि सिद्धप्पाच्या तोंडावर ती मूठ बसवली. या वेळी पत्रा वाजला नाही. वाजलं ते ओलं आणि जवळचं होतं. दोन दात शेकोटीत पडले आणि चुर्र झाले. सिद्धप्पाला मान वळवायला वेळच मिळाला नाही, तो मागे निखाऱ्यांच्या कडेला गेला आणि त्याची बाही पेटली. कोणीतरी त्याला ओढलं, कोणीतरी गोणपाटाने बाही विझवली. मग सगळे वाट बघू लागले, तो नेहमीसारखा कपडे झटकत उठेल म्हणून. तो उठला नाही.

"वारा हाय का आता? सांग की," हिंदुराव म्हणाले, आणि खाली वाकून त्यांनी आणखी दोन मारल्या. दिग्विजय मध्ये आला. चौथी त्याच्या भुवईवर बसली, भुवई उघडली आणि त्याचा डोळा रक्ताने मिटला. हिंदुरावांना इतकं तरुण बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात सिद्धप्पा उभा राहिला. त्याने तळहातावर थुंकून बघितलं.

"मालक," तो म्हणाला, "हे ठरलं नव्हतं."

आणि शेकोटीतलं अर्धं जळकं लाकूड उचलून त्याने हिंदुरावांच्या कानशिलात हाणलं. ठिणग्या टोपीवर बसल्या. हिंदुराव पडले. पण पडणंही शिकावं लागतं, आणि ते त्यांनी कधी करूनच बघितलं नव्हतं. मान वळवायची, अंग सैल सोडायचं, यातलं काही न करता ते पोत्यासारखे सरळ शेजारच्या ट्रकच्या बंपरवर गेले. कपाळ फुटलं. मग पोरं आली. दिग्विजयने मोबाईल आधी जपून खिशात घातला, मग ट्रकचा पाना उचलला. लाथा बसल्या, बरगडीतून वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. हिंदुरावांच्या नमुन्याचं लोकांनी बरंच शिक्षण घेतलं होतं.

ते जीपपर्यंत रांगत गेले. कसे चढले कोणास ठाऊक, पण चढले आणि चाक दोन्ही हातांनी धरलं. चाक चालूच होतं, आणि आता ते उबदार राहिलं नव्हतं. रस्त्यापलीकडे गोदामापाशी हमाल पाठमोरे चहा पीत होते. हिंदुरावांनी चाकाच्या मध्यावर कपाळ दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. काही वाजलं नाही. एक हमाल कप ठेवून पोतं उचलायला वाकला.

गुडघ्यापाशी, त्यांना आठवलं. त्यांनी डावा हात चाकावरून काढायला बघितला. निघेना. उजवाही निघेना. दुखऱ्या बोटांना इतकी ऊब कधी मिळाली नव्हती, ती जी मिटली ती मिटलीच.

"उतरा काका. सोडा चाक."

"सुटंना रं."

दिग्विजयला ती मस्ती वाटली. त्याने पाना बोटांवर घातला. एक बोट मोडलं, तरी मूठ उघडली नाही. जीपमध्ये कातड्याचा वास येऊ लागला, चाकाच्या आणि दुसऱ्याही.

सिद्धप्पा पोरांना सारून दारापाशी आला. ओठ फाटलेला, बाही जळालेली. तो आत वाकला आणि दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाला, "मालक, पडा की. कुशीवर पडा, डोकं हातात घ्या, हलू नका. पडलं की थांबत्यात."

हिंदुरावांनी समजलं अशी मान हलवली. पडायची त्यांची खरोखरच तयारी होती. पण चाकावर मूठ अशी वळली होती, की तशी गेल्या दोन हिवाळ्यांत वळली नव्हती.